एक होल बिघडला की पुढचे चार बिघडतात : हौशी गोल्फमधल्या मनाच्या चढउतारांवर उपाय

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो आणि गेली अकरा वर्षे गोल्फ खेळतो. आमच्या गावाच्या आसपास गोल्फचे मैदान नाही. त्यामुळे महिन्यातल्या दोन रविवारी पहाटे चारला गाडी काढून नागपूरच्या बाजूला जावे लागते, आणि उरलेले दिवस सोयाबीननंतर हरभरा न पेरता रिकाम्या ठेवलेल्या अर्ध्या एकरात, धुऱ्याच्या कडेला बांधलेल्या मासे पकडण्याच्या जुन्या जाळ्यापुढे, सराव करून काढावे लागतात. या अकरा वर्षांत स्विंगच्या, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवण्याच्या, अनेक चुका झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा सुटल्याही. एक अडचण मात्र दर काही महिन्यांनी परत येत राहिली. एखादा होल, म्हणजे चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा फेरीतला एक टप्पा (पूर्ण फेरीत असे अठरा), बिघडला की त्याचा राग पुढच्या तीन-चार होलांवर सांडतो, मध्येच एखादा अप्रतिम फटका लागला की मन आभाळाला टेकते, त्या भरात पुन्हा चूक होते, आणि घरी परतल्यावर सोमवारी दुपारपर्यंत कोणाशी धड बोलावेसे वाटत नाही. माझ्यासारखेच दूरवरून येऊन, क्वचित मिळणाऱ्या फेरीवर सगळी आशा ठेवून खेळणारे जे हौशी लोक आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

अडचण नेमकी कशी दिसते

मागे एका डिसेंबरात खेळलेली एक फेरी सांगतो, कारण तिच्यात या रोगाची सगळी लक्षणे एकत्र सापडतात. पहिल्या सहा होलांवर बोगी, बोगी, पार, बोगी, बोगी, पार असा माझा हिशेब होता (पार म्हणजे त्या होलसाठी ठरलेले फटके, बोगी म्हणजे त्याहून एक जास्त, डबल बोगी म्हणजे दोन), म्हणजे पारपेक्षा फक्त चार फटके जास्त. माझा हँडिकॅप, म्हणजे पारवर मिळणारी फटक्यांची सूट, २४ असल्यामुळे ही माझ्यासाठी फारच चांगली सुरुवात होती. सातवा होल तीन पारचा, समोर कोरडा नाला आणि खळग्याचा झेंडा ग्रीनच्या (खळग्याभोवतीच्या बारीक गवताच्या) डाव्या कोपऱ्यात. नेहमी मी ग्रीनच्या मध्यावर मारतो. त्या दिवशी झेंड्यावर मारला. चेंडू नाल्यात गेला, दंड घेऊन मारलेला पुढचा चेंडूही तिथेच गेला, आणि त्या होलवर सात फटके झाले. आठव्यावर टी (पहिल्या फटक्यासाठी चेंडूखाली लावायची खुंटी) लावताना माझा जबडा आवळलेला होता आणि ड्रायव्हरची (लांब फटक्याच्या क्लबची) मूठ इतकी घट्ट धरली होती, की हातमोज्याची शिवण तळव्यात रुतत होती. चेंडू उजवीकडे वळून बाभळीत शिरला. तिथे आठ, नवव्यावर नऊ, दहाव्यावर सात.

अकराव्या होलवर, काहीच आशा उरलेली नसताना, सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या चपट्या तोंडाच्या क्लबने) मारलेला चेंडू होलपासून चार फुटांवर जाऊन थांबला. तो पट (ग्रीनवरून चेंडू खळग्यात घालायचा हलका फटका) हुकला, पण त्याचे मला काही वाटले नाही. हात परत आले, आता सगळे जमणार, या आनंदात मी बाराव्या टीकडे, म्हणजे होल सुरू होतो त्या जागेकडे, जवळजवळ धावत गेलो, पूर्ण ताकदीने ड्रायव्हर फिरवला आणि चेंडू पुन्हा बाभळीत घालवला. मी खाली वाकून काटे बाजूला सारत होतो, तेव्हा आमचे कॅडी (क्लबची पिशवी वाहणारे मदतनीस), वयाने माझ्याहून मोठे आणि जन्म त्या मैदानावर घालवलेले काकाजी, शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गेला थो बॉल. जाऊ द्या ना जी. काऊन त्याच्यामांग लागता?"

त्यांचे म्हणणे त्या चेंडूपुरते होते. मी मात्र घरी येईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत राहिलो, कारण मी त्या चेंडूच्याच मागे लागलेलो नव्हतो, तर सातव्या होलपासूनच्या प्रत्येक चेंडूच्या मागे लागलेलो होतो.

मनाला दोष देण्याआधी शरीर तपासा

जनावर खात नाही म्हटल्यावर मी आधी ताप बघतो, तोंड उघडून दात बघतो. पोटाच्या मोठ्या आजाराचा विचार नंतर. इथेही तेच करावे. पहाटे चारला उठून, फक्त चहावर दोन तास गाडी चालवून आलेला माणूस तिसऱ्या होलवर चिडत असेल, तर त्याला मनोबलाची नव्हे, खाण्याची गरज आहे. मी स्वतः कित्येक महिने नवव्या-दहाव्या होलच्या सुमारास होणारी चिडचिड स्वभावाची समजत होतो. पिशवीत भाकरीचा तुकडा, गूळ-शेंगदाणे आणि मीठ घातलेले ताक ठेवू लागल्यापासून तिच्यातली निम्मी आपोआप गेली. आपल्याकडचे ऊन वेगळे आहे. मार्चच्या मध्यापासूनच सकाळी दहानंतर मैदान तापते, एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही, आणि अठरा होलांच्या फेरीत सहा-सात किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त चालणे होते. त्या महिन्यांत नऊच होल खेळून थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

दुसरी तपासणी जमिनीची. आमच्या काळ्या मातीत सराव करणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावे. दिवाळीनंतर माती ओलसर असते तेव्हा क्लब तिच्यात रुततो आणि फाल्गुनात तीच माती दगडासारखी होऊन भेगाळते, तेव्हा क्लब आपटून वर उसळतो. अशा जमिनीवर चेंडू नीट लागला नाही म्हणून आठवडाभर निराश राहिलेला माणूस रविवारी मैदानावर आधीच हरलेला येतो. मी आता सरावासाठी जुन्या पायपुसण्यावर चेंडू ठेवतो आणि वावरात मारलेल्या चेंडूंचा हिशेब वहीत लिहीत नाही.

मूळ कुठे सापडले

शरीर आणि जमीन यांची सोय लावूनही अडचण उरली, तेव्हा मी एक साधी वही केली. प्रत्येक होलपुढे फटक्यांचा आकडा आणि त्या होलच्या टीवर उभा असताना मनात काय चालले होते याचे दोन-तीन शब्द, एवढेच. फेरीनंतर गाडीत बसल्याबसल्या लिहायचे, कारण घरी पोहोचेपर्यंत मन आपल्या सोयीची गोष्ट रचून मोकळे होते.

सात-आठ फेऱ्यांनंतर वही चाळताना जे दिसले, त्याची मला अपेक्षा नव्हती. मी समजत होतो की माझी घसरण वाईट फटक्याने सुरू होते. वहीत मात्र बहुतेक वेळा घसरणीच्या आधीचा होल चांगला गेलेला होता. डिसेंबरच्या त्या फेरीत सहाव्या होलवर मी लांबचा पट घालून पार केला होता आणि सातव्या टीकडे चालत जाताना उरलेल्या होलांची बेरीज करून "आज नव्वदच्या आत" असा निकालही लावून टाकला होता. झेंड्यावर मारण्याचा मूर्खपणा त्या बेरजेतून आला होता. म्हणजे राग हा दुसरा टप्पा होता. पहिला टप्पा आनंद होता, आणि आनंद हा त्रास आहे असे कोणालाच वाटत नसल्यामुळे त्याच्यावर इलाज करायचे मला कधी सुचलेच नव्हते. हौशी खेळाडूंना दिला जाणारा सगळा सल्ला रागावर असतो. मला आता ठामपणे वाटते की इलाज चांगल्या फटक्यानंतर सुरू झाला पाहिजे.

आणखी एक गोष्ट वहीतून कळली, ती वेळेची. एक फटका मारायला दोन सेकंदही लागत नाहीत. शंभर फटक्यांची फेरी धरली, तरी प्रत्यक्ष क्लब फिरत असतो तो सगळा वेळ तीन-साडेतीन मिनिटांचा, आणि फेरी चालते चार तासांहून जास्त. बाकीचा सगळा वेळ माणूस चालत असतो आणि मनात हिशेब करत असतो. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, त्याला उत्तर देण्यातच मन गुंतते. इथे चेंडू गवतात निवांत पडून आपली वाट बघत असतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत मागच्या फटक्याला चांगला किंवा वाईट रंग चढवायला आपल्याला भरपूर सवड मिळते.

अपेक्षेचा आकडा दुरुस्त करा

पुढच्या उपायाआधी हे काम एकदा घरी बसून, कागद-पेन घेऊन करावे. २४ हँडिकॅपच्या माणसाला ७२ पारच्या मैदानावर ९६ फटक्यांची मुभा असते. प्रत्येक होलवर एक आणि सर्वांत अवघड सहा होलांवर दोन, असे ते २४ फटके वाटले जातात. म्हणजे बारा होलांवर बोगी आणि सहा होलांवर डबल बोगी केली, तर तो आपल्या क्षमतेइतके अचूक खेळला. मी कित्येक वर्षे बोगी झाली की चुटपुटत होतो, जेव्हा तीच माझी पार होती.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी मला फार उशिरा समजली. २०२० साली सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ फेऱ्यांवरून तुमचा आकडा काढतात. साहजिकच तो तुमचा सरासरी खेळ दाखवत नाही, चांगल्या दिवसांचा खेळ दाखवतो. नेहमीची फेरी त्याहून काही फटक्यांनी जास्तच होणार. दर रविवारी ९६ची अपेक्षा धरणारा माणूस बहुतेक रविवारी निराश होऊन परतणार, हे त्याच्या स्वभावात नसून त्या आकड्याच्या व्याख्येतच आहे. याच पद्धतीत एका होलवर मोजल्या जाणाऱ्या फटक्यांनाही मर्यादा आहे : पार, त्यावर दोन, आणि त्या होलवर तुम्हाला मिळणारी सूट. सातव्या होलवर माझी सूट एक होती, म्हणून हँडिकॅपसाठी त्या होलचे सहाच धरले जातात. मी तिथे सात केले म्हणून पुढचे तीन होल उधळले, पण हँडिकॅपच्या हिशेबात त्या नाल्याचे नुकसान आधीच अडवलेले होते.

पटिंगचेही तसेच. जगातले सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. टीव्हीवर आपल्याला बहुतेक आत गेलेलेच पट दाखवले जातात, म्हणून आठ फुटांचा पट हुकला की आपण डोके धरतो. माझ्या पटरच्या (पट मारायच्या क्लबच्या) दांड्यावर मी पांढऱ्या चिकटपट्टीने आठ फुटांसाठी "निम्मे" असे लिहून ठेवले आहे, आणि त्याचा मला खरोखर उपयोग होतो.

मुख्य उपाय : हात धुणे

हा उपाय मला मैदानावर सापडला नाही. मागच्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात रात्री दीडला एका शेतकऱ्याचा फोन आला. गवळाऊ गाय अडली होती, वासरू आडवे होते. कंदील आणि मोबाईलच्या उजेडात दोन तास खटपट केली. गाय वाचली, वासरू गेले. त्या घरातल्या आजी गाईच्या मानेवरून हात फिरवत गप्प बसून होत्या. मी गोठ्याबाहेर आलो, त्यांच्या सुनेने कोमट पाण्याची बादली आणि साबण आणून ठेवला, आणि मी नेहमीप्रमाणे कोपरापर्यंत हात धुतले : आधी बोटांच्या बेचक्या, मग नखे, मग मनगट, मग वर. पाणी स्वच्छ येईपर्यंत. सकाळी सातला दुसऱ्या गावात शेळ्यांचे लसीकरण होते. तिथे माझा हात एकदाही थरथरला नाही.

परत येताना पांदणीवर गाडी हळू चालवत असताना मनात आले, की रात्री एक जीव गेला तरी सकाळी माझे हात स्थिर असतात, आणि नाल्यात एक चेंडू गेला की ते तासभर कापतात, असे का? त्या वासराचे दुःख मला नव्हते असे नाही. ते आजही आहे. फरक इतकाच होता, की दवाखान्याच्या कामात एका रुग्णाच्या आणि दुसऱ्या रुग्णाच्या मध्ये हात धुण्याची एक न चुकणारी कृती असते. ती कृती पंचवीस वर्षे केल्यामुळे शरीराला आपोआप कळते, की ते काम संपले, आता हे नवे काम. गोल्फमध्ये माझ्याकडे अशी कृतीच नव्हती.

तेव्हापासून मी पुढील क्रम पाळतो. फटका मारला, तो कसाही असो, की जागेवरच उभे राहून चेंडू कुठे थांबला ते नीट बघायचे. त्याविषयी जे वाटायचे ते वाटू द्यायचे. राग आला तर येऊ द्यायचा, आनंद झाला तर होऊ द्यायचा, दाबायचे काहीच नाही. मग पिशवीला अडकवलेल्या ओल्या टॉवेलने क्लबचे तोंड पुसायचे. आयर्नच्या तोंडावर आडव्या बारीक खाचा असतात आणि आपली काळी माती त्यांत गच्च बसते. आधी वरचे गवत, मग टॉवेलचा कोपरा नखावर ताणून एकेक खाच, वरून खाली. शेवटची खाच स्वच्छ दिसली की क्लब पिशवीत जातो आणि त्या फटक्याचा विषय संपतो. यानंतर त्याच्याविषयी सोबतच्या खेळाडूशीसुद्धा बोलायचे नाही. सोबती म्हणालाच, "काय सुंदर मारलात हो मघाशी," तर धन्यवाद म्हणून झाडांकडे बघत चालायचे.

क्लबवर माती नसली तरी पुसायचेच. टीवरून ड्रायव्हर मारला तर त्याचे तोंड बहुधा स्वच्छच असते, तरी पुसायचे. पटरही पुसायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे, चांगल्या फटक्यानंतर अधिक काळजीने पुसायचे, कारण वाईट फटक्यानंतर माणूस स्वतःहून सावध होतो, चांगल्या फटक्यानंतर होत नाही. पहिले दोन महिने मी हेच विसरत होतो. चेंडू ग्रीनवर पडला की टॉवेल आठवत नसे. शेवटी काकाजींना सांगून ठेवले, की मी पुसल्याशिवाय क्लब परत घ्यायचा नाही. ते आजही हात मागे घेऊन उभे राहतात.

क्लब आत गेल्यानंतर पुढच्या चेंडूपर्यंतचे चालणे मोकळे असते, आणि तिथे हिशेब परत सुरू होण्याचा धोका असतो. मी त्या वेळात मैदान बघतो. टिटवीने कुठे घरटे केले आहे, पळसाला फूल आले का, रात्री रानडुकरांनी कुठे उकरले आहे. चेंडूपाशी पोहोचलो की एक लांब श्वास सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, आणि मुठीची पकड सैल करून मगच क्लब निवडायचा. घट्ट पकडीने मनगट अडते आणि चेंडू उजवीकडे जातो, ही साधी यांत्रिक गोष्ट आहे. माझ्या बाभळीतल्या बहुतेक चेंडूंचे कारण तेच होते.

बिघडलेल्या होलवर असतानाच

वरचा उपाय दोन फटक्यांच्या मधल्या वेळेचा आहे. होल डोळ्यांदेखत बिघडत असेल तेव्हा वेगळा नियम लागतो, आणि तो मी एकच ठेवला आहे : अडचणीतून बाहेर येणारा पहिला फटका फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) सर्वांत जवळच्या मोकळ्या जागी मारायचा, मग ती जागा मागे का असेना. गेलेला फटका एकाच झटक्यात वसूल करण्याची इच्छा हीच या रोगाची खूण आहे. जुगारात हरलेला माणूस दुप्पट लावतो, तसे ते आहे.

चेंडू सापडत नसेल तर नियमाप्रमाणे शोधायला तीन मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत. मला हा बदल फार हितकारक वाटतो, कारण काट्यांत वाकून शोधत घालवलेल्या प्रत्येक मिनिटाला चीड वाढत जाते. चेंडू हरवल्याची शंका येताच टीवरूनच दुसरा तात्पुरता चेंडू मारून ठेवावा, म्हणजे मान खाली घालून परत चालत यावे लागत नाही.

मित्रांमित्रांच्या खेळात फटके मोजण्याऐवजी गुणांची स्टेबलफोर्ड पद्धत वापरावी, असा माझा आग्रह आहे. आपली सूट धरून पार झाली तर दोन गुण, बोगी झाली तर एक, डबल बोगी किंवा त्याहून वाईट झाले तर शून्य. शून्याखाली काही नाही, म्हणून चेंडू उचलून पुढच्या होलकडे निघता येते. ही पद्धत डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड या इंग्रज शल्यचिकित्सकाने मांडली आणि १९३२ साली वॉलसी इथे ती स्पर्धेत वापरली गेली. शल्यचिकित्सकालाच हे सुचावे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

मोठ्यांच्या बाबतीत

ही अडचण आपल्यासारख्या हौशी लोकांनाच होते असे समजून कोणी खचू नये. उत्तर आयर्लंडचा व्यावसायिक खेळाडू रोरी मॅकिलरॉय २०११च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटक्यांच्या आघाडीने उतरला. दहाव्या होलवर त्याचा पहिलाच फटका भरकटला आणि ट्रिपल बोगी झाली, अकराव्यावर बोगी, बाराव्यावर चार पट घेऊन डबल बोगी. दिवसअखेर ८० फटके. माझ्या सात-आठ-नऊ-सातचाच हा आराखडा आहे. दहा आठवड्यांनी त्याने अमेरिकन ओपन आठ फटक्यांनी जिंकली. मला मात्र त्याची २०२५ची मास्टर्स जास्त उपयोगाची वाटते. शेवटच्या दिवशी त्याने पहिल्याच होलवर डबल बोगी केली, तेराव्यावर पुन्हा केली, आणि तरीही प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा होलवर, स्पर्धा जिंकली. डबल बोगी टळल्या नाहीत. त्यांची लागण फार पुढे पसरली नाही.

आपल्याकडे भारताची गोल्फपटू अदिती अशोक हिचे टोकियो ऑलिम्पिक आठवते. ७ ऑगस्ट २०२१ला, ज्या दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकले त्याच सकाळी, गोल्फ कशाशी खातात हे ठाऊक नसलेले आमच्या गावातले लोक टीव्हीपुढे बसून होते. तिचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले आणि ती चौथी आली. त्या सकाळी माझ्या घरी आलेले शेजारी मला विचारत होते, की ही मुलगी हुकलेल्या पटनंतरही चेहरा इतका शांत कसा ठेवते. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आणि मध्य प्रदेशातल्या महूच्या छावणीच्या गावातून आलेले गोल्फपटू मुकेश कुमार यांनी २०१६ साली, वयाच्या ५१व्या वर्षी, आशियाई टूर या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतली आपली पहिली स्पर्धा जिंकली, हे माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

जे करून पाहिले आणि उपयोग झाला नाही

दहापर्यंत आकडे मोजणे : मोजून झाल्यावर राग तिथेच असतो. "शांत राहा" असे स्वतःला बजावणे : हाताला काम न देता मनाला दिलेली आज्ञा मन पाळत नाही. नवा ड्रायव्हर घेणे : तीन फेऱ्या बरे वाटले, मग तोच त्रास आणि वर हप्ता. मोबाईलवर स्विंगचे चित्रण बघणे सरावात ठीक आहे, पण दोन होलांच्या मध्ये ते बघणे म्हणजे जखमेची खपली काढणे. चहा-नाश्त्याच्या पैजा काहींना मानवतात, मला मानवल्या नाहीत.

सोमवारचे काय

वाईट फेरीचे ओझे घरी येते, ही अडचणीची शेवटची बाजू. माझी पत्नी एकदा स्पष्ट म्हणाली, "अहो, तुम्ही जिंकून आलात तरी बोलत नाही आणि हरून आलात तरी बोलत नाही." ते खरे होते, जिंकून आलो की मी पुढच्या रविवारचे बेत करत असे. आता गाडीत वही लिहून झाली की ती डिकीत पिशवीसोबत ठेवतो, घरात नेत नाही. घरी फेरीविषयी एकच गोष्ट सांगायची, आणि ती फटक्यांची नसावी : नाल्यात मोर होता, काकाजींच्या नातवाला नोकरी लागली, अमुक ठिकाणी तर्री पोहे खाल्ले. आकडा विचारला तर सांगायचा, पण त्याचे स्पष्टीकरण द्यायचे नाही.

तरीही परत आले तर

येईल. मला या फेब्रुवारीत पुन्हा आले. लागोपाठ तीन फेऱ्या कोसळल्या. अशा वेळी स्विंग बदलू नये आणि मोठा निर्णयही घेऊ नये. नियमाने जास्तीत जास्त चौदा क्लब बाळगता येतात, कमीत कमी किती याचे बंधन नाही. मी पुढच्या दोन फेऱ्या सातच क्लब घेऊन खेळलो, ड्रायव्हर घरी ठेवून. पर्याय कमी झाले की हट्टही कमी होतात. खेळाबाहेरची चिंता, घरातले आजारपण, कापसाचा भाव, मुलांचे शिक्षण, मनात असेल तर ती मैदानावर रागाच्या रूपाने बाहेर पडते, हेही ओळखावे. झोप उडाली असेल, खेळाव्यतिरिक्तही कशातच मन लागत नसेल, तर हा गोल्फचा विषय राहिला नाही, आणि माणसांच्या डॉक्टरांना भेटायला लाजू नये.

फेब्रुवारीतल्या त्या घसरणीचे कारण शोधताना एक अगदी बारकी गोष्ट सापडली. ऊन वाढले होते आणि माझा टॉवेल पाचव्या होलपर्यंत खडखडीत वाळत होता. कोरड्या टॉवेलाने खाचेतली माती निघत नाही, म्हणून मी नकळत पुसणे उरकू लागलो होतो, आणि सहाव्या होलपासून ते सुटलेच होते. आता मी दोन टॉवेल नेतो, दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत भिजवून ठेवतो, आणि नवव्या होलनंतर पाण्याच्या टाकीपाशी दोन्ही पुन्हा ओले करून घेतो.